निधनवार्ता, बाराच्या ठोक्याला

स्टेशन सुरू झालं तेव्हा खाली फ्रिज विकले जायचे.
राइनहोल्ड वेट्झस्टाइनच्या दुकानाचा माळा,
भिंतींना चिकटवलेले अंड्यांचे ट्रे,
आणि गावाबाहेर बीटाच्या शेतात
तीनशे फुटांचा मनोरा.
साल अडुसष्ट. बेल्डन फोर्क, नॉर्थ डकोटा.
वस्ती दोन हजार एकशे चार.
त्यात एफएम लागणारे रेडिओ अकरा.
राइनहोल्डचा हिशेब सरळ :
आधी स्टेशन काढू, मग रेडिओ विकू.
रेडिओ विकले गेले.
स्टेशनला मात्र फ्रिजच पोसत राहिले.

सहाला गव्हाचे, सूर्यफुलाचे, डुकरांचे भाव.
सातला बर्फामुळे बंद शाळांची यादी
(पांघरुणात मी, वय वर्षं आठ, कान टवकारून.
आमच्या शाळेचं नाव यावं म्हणून केली तेवढी प्रार्थना
पुढे आईच्या आजारपणातही जमली नाही).
दहाला देवघेव. कुणाकडे पाळणा, जवळजवळ नवा.
कुणाला हवाय फक्त डावा गमबूट.
कुणीतरी फोन करायचं नुसतंच,
विकायचं काही नसायचं.
आणि बाराच्या ठोक्याला निधनवार्ता.

त्या अल्विना वाचायची.
तिच्याकडे पत्र्याची पेटी होती, केकच्या कृती ठेवतात तसली.
आत कार्डं. एकेका कार्डावर एकेक आडनाव, फोडून लिहिलेलं,
ह्रस्व-दीर्घासकट.
ग्येर्डे दिसतं, म्हणायचं येर्ड.
ह्रिन्कीव : पहिला ह श्वासाएवढाच.
सुवन्नावोंग : घाई नको.
ते कुटुंब लाओसहून साखर कारखान्यात कामाला आलं
तेव्हा ती त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली,
म्हातारी हसेपर्यंत तेच नाव घोकत.
तेव्हा त्यांच्यातलं कुणी मेलंही नव्हतं.
"असू द्यावं तयार," ती म्हणाली.
एरवी कुणी गेलं की त्या घरी फोन करायची :
तुम्ही कसं म्हणायचा त्यांना?
एवढंच विचारायची, आणि थांबायची.
लोक बोलत राहायचे.

मी मनोऱ्यावरचा लाल दिवा बदलायचो, वर्षातून दोनदा.
पुराच्या वर्षी चार तास वरच अडकलो.
खाली पाणी. खिशातल्या रेडिओवर
ती एकेका रस्त्याचं नाव घेत होती,
बुडालेल्या क्रमानं.

राइनहोल्ड गेला. मुलांनी स्टेशन विकलं.
घेणाऱ्यांकडे तसली आणखी एकशे बारा.
माळ्यावर एक कपाट आलं, फ्रिजएवढंच,
आणि आतून एक गोड आवाज.
आवाज राहायला फ्लोरिडात.
आमच्याकडे उणे एकतीस असताना म्हणायचा,
काय सुंदर सकाळ आहे, मित्रांनो!
बाराला आता गाडीच्या विम्याची जाहिरात.
अल्विनाला त्यांनी एक घड्याळ दिलं.

फेब्रुवारीत ती गेली.
दिव्यामुळे किल्ली माझ्याकडेच होती.
पेटी पालथी घातली :
साऱ्या गावाची कार्डं, तिचं नाही.
तीस वर्षं हवेवर ती नुसती "मी अल्विना".
तिच्या थोरल्या बहिणीला, ओटिलीला, फोन लावला.
म्हटलं, आडनाव कसं म्हणायचं तुमचं?
पलीकडे बराच वेळ घरघर.
मग म्हणाली, "चायडर म्हणते मी. अल्विना चीडर म्हणायची.
मधली शायडर म्हणे. बाप काय म्हणायचा
ते त्याच्या दारूवर असायचं."
आणि बोलत राहिली. मी थांबलो.

बाराला कपाटाची वायर उपसली.
तिघींचे तिन्ही उच्चार वाचले, एकामागून एक,
वय, चर्च, वेळ. येताना गमबूट घालून या, वाट निसरडी आहे.
बेचाळीस सेकंद.
मग वायर परत लावली, आणि फ्लोरिडा
जिथं तुटला होता तिथून पुढे हसू लागला.

सोमवारी किल्ली मागितली, दिली.
पेटीबद्दल त्यांना माहीतच नव्हतं.
कालच एक कार्ड भरलं,
पेट्रोल पंपावर नवीन आलेल्या पोराचं.
सोमालियाचा आहे. दोनदा विचारलं त्याला.
अजून मला ते नीट येत नाही.